सांडलेली लोंबी कोणाची?

इंग्रजी भाषेत 'ग्लीन' असे एक छोटेसे क्रियापद आहे. इंग्रजी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ते चांगले परिचयाचे असते. कोणी चार माणसांशी बोलून माहिती 'ग्लीन' करतो, कोणी जुन्या दप्तरांतून इतिहास 'ग्लीन' करतो. थोडे इथून, थोडे तिथून असे चिकाटीने वेचून जमविणे, एवढाच त्याचा अर्थ आज बहुतेकांच्या मनात असतो. परंतु या शब्दाच्या पायांना अजून शेतातली माती लागलेली आहे. पीक कापून, भारे बांधून मालक घरी गेला म्हणजे मोकळ्या शेतात ज्या लोंब्या मागे पडून राहतात, त्या एकेक करून वेचणे हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे याच कामाला 'सरवा वेचणे' म्हणतात. शहरातल्या मुलांना 'ग्लीन' ठाऊक असते आणि 'सरवा' ठाऊक नसतो, ही आपल्या शिक्षणाची एक गंमत आहे. पण तिच्याबद्दल तक्रार करण्याचा आज विचार नाही. या दोन्ही शब्दांच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे, तो दिवाळीच्या निवांत वेळी आपण सर्वांनी मिळून उलगडून पाहावा, एवढाच हेतू आहे.

प्रथम शब्दाची कुळकथा. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचांकडे तो उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'ग्लेनारे' या रूपातून आला, आणि त्याच्याही मागे केल्टिक भाषेतले एखादे मूळ असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कारण जुन्या आयरिश भाषेत गोळा करणे या अर्थाचे त्याच्या जवळचे क्रियापद सापडते. लॅटिनला स्वतःचा शब्द नव्हता असे मात्र नाही. 'स्पिकिलेगियुम' असा चांगला भारदस्त शब्द तिच्याजवळ होता. 'स्पिका' म्हणजे कणीस आणि 'लेगेरे' म्हणजे वेचणे. या 'लेगेरे'चा दुसरा अर्थ वाचणे असा आहे. जणू अक्षर अक्षर वेचीत जाणे म्हणजेच वाचन! जर्मन भाषेतही वेचणे आणि वाचणे यांना एकच क्रियापद आहे. पुढे मौज अशी झाली की, स्पिकिलेगियुम महाशय विद्वानांच्या संकलनग्रंथांच्या मुखपृष्ठावर जाऊन बसले, आणि शेतात वाकून काम करणाऱ्यांच्या तोंडी मात्र खेडवळ 'ग्लेनारे'च टिकून राहिला.

आपल्याकडे याच्या उलट घडले आहे. संस्कृतात या कामाला दोन शब्द आहेत. एकेक दाणा टिपणे म्हणजे 'उंछ' आणि कणसेच्या कणसे वेचणे म्हणजे 'शिल'. जुन्या कोशकारांनी हा भेद नीट नोंदविला आहे. यांपैकी 'उंछ' पोथीत राहिला. 'शिल' मात्र पोथीतून उतरून शेतात आला. गोंदियाहून पूर्वेकडे निघालो की थोड्याच वेळात छत्तीसगडची हद्द लागते. तिकडे कापणीनंतर धानाच्या लोंब्या वेचणे याला 'सिला' बिनणे म्हणतात. ज्या बाईने कधी स्मृतिग्रंथाचे नावही ऐकले नसेल, तिच्या तोंडी स्मृतिकारांचा शब्द नांदतो आहे. शब्द कोणाच्या घरी जाऊन राहील, याचा नेम नसतो.

हे काम नेमके असते कसे, हे पाहायला गोंदियासारखा मुलूख नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. पण पाणी आणि धान या दोन गोष्टींनी दोघांची कूस एकच ठेवली आहे. जुन्या काळी कोहळी समाजाच्या माणसांनी इथे तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हे त्यांचेच काम. या तलावांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात. हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येते, भारी धान त्यानंतर. कापलेले धान शेतातच कडपा घालून वाळत ठेवतात, मग त्याचे भारे बांधतात, भारे खळ्यावर नेऊन पुंजणे रचतात आणि सवडीने त्याची चुरणी करतात. पिकलेली लोंबी ही मोठी नाजूक वस्तू. विळा लागला की एखादी गळते, कडपा उचलताना दोन गळतात, भारा डोक्यावर चढविताना आणखी चार. कितीही काटेकोर शेतकरी असला तरी बांधीत काही ना काही राहतेच. ते वेचायला पूर्वी बायकामुले टोपल्या घेऊन येत. दिवसभर कमरेत वाकून एकेक लोंबी उचलायची, संध्याकाळी ती हाताने किंवा पायाने चोळायची, पाखडायची, की ओंजळ-दोन ओंजळी धान पदरात पडायचे. त्यातही चिमण्या, उंदीर आणि मुंग्या वाटेकरी असायच्याच.

आता प्रश्न असा की, ही सांडलेली लोंबी कोणाची?

आपण पटकन म्हणू, ज्याचे शेत त्याची. त्यानेच नांगरले, पऱ्हे टाकले, रोवणी केली. मग एक लोंबी तरी दुसऱ्याची का व्हावी? हे उत्तर इंग्लंडातल्या एका न्यायालयाने मोठ्या गांभीर्याने दिले आहे. सफोक परगण्यातल्या टिमवर्थ नावाच्या गावी मेरी हाउटन नावाच्या बाईने जेम्स स्टील नावाच्या माणसाच्या शेतात सरवा वेचला. तिच्यावर फिर्याद झाली. १७८८ साली 'कोर्ट ऑफ कॉमन प्लीज'ने निकाल दिला की, देशाच्या सामान्य कायद्यात सरवा वेचण्याचा असा कोणाचाही हक्क नाही. मालकी म्हणजे एकट्याने उपभोगण्याचा अधिकार; त्यात दुसऱ्याचा हात शिरला तर ती मालकीच उरत नाही, असा बहुमताचा रोख होता. चार न्यायाधीशांपैकी एकाने, न्यायमूर्ती गोल्ड यांनी, याच्या विरुद्ध मत दिले. निकाल लागला तरी खेड्यांतली चाल एकाएकी मोडली नाही. पुढे कितीतरी वर्षे इंग्लंडातल्या अनेक गावांत सकाळी घंटा वाजे आणि घंटा झाल्यावरच सर्व बायकांनी एकदम शेतात शिरायचे, असा शिरस्ता चालू राहिला. कायद्याने नाही म्हटले तरी शेतकऱ्याच्या मनाला 'हे माझे नाही' असे कुठेतरी वाटत होते.

असे का वाटत असावे? त्याचे एक उत्तर ज्यू लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्रात आहे. तिथे शेतकऱ्याला आज्ञाच आहे की, शेत कोपऱ्यापर्यंत कापू नकोस, पडलेली कणसे वेचायला मागे फिरू नकोस, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नकोस. ते सारे गरिबाचे, परक्याचे, विधवेचे आणि पोरक्याचे आहे. बायबलातली रूथ ही अशीच परमुलखातली विधवा. सासूबरोबर ती बेथलेहेमला आली आणि बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात जवाचा सरवा वेचू लागली. बवाजाने तिला पाहिले तेव्हा धान्याचे पोते उचलून तिच्या घरी पाठविणे त्याला अवघड नव्हते. सुरुवातीला त्याने तसे केले नाही. त्याने आपल्या माणसांना हळूच सांगितले की, तिच्या वाटेवर मुठीमुठीने कणसे मुद्दाम पडू द्या आणि तिला रागावू नका. तिला वाटावे, आपण आपल्या कष्टाने वेचले. या एका बारीक गोष्टीत सारे मर्म आहे. देण्यात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. सोडून देण्यात दोघांची गाठच पडत नाही. त्यामुळे कोणाला मान वर करावी लागत नाही, कोणाला खाली घालावी लागत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी याच्याही पुढची पायरी गाठली. उपजीविकेचे प्रकार सांगताना मनुस्मृतीने उंछ आणि शिल यांना 'ऋत' म्हटले आहे. न मागता मिळालेले ते 'अमृत', मागून आणलेली भीक ते 'मृत', आणि शेती ही तर 'प्रमृत'. व्यापारात खरे आणि खोटे दोन्ही मिसळलेले. म्हणजे जे कोणाचेच उरलेले नाही, जे उचलल्याने कोणाचे काही कमी होत नाही, त्याच्यावर जगणे हे सर्वांत निर्मळ जगणे. वैशेषिक दर्शनाच्या कर्त्याला 'कणाद' हे नाव सांडलेले कण वेचून खात असल्यामुळे मिळाले, अशी परंपरा आहे. आणि महाभारतातल्या अश्वमेधिक पर्वातले मुंगूस तर आपल्या घरातल्या लहान मुलांनाही माहीत असते. युधिष्ठिराचा यज्ञ थाटात पार पडला असताना अर्धे अंग सोन्याचे असलेले मुंगूस येते आणि म्हणते की, हा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या त्या ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या पिठाइतकाही मोठा नाही. दुष्काळात वेचून आणलेले जव, त्याचे पीठ, त्याचे चार वाटे आणि दाराशी आलेला भुकेला पाहुणा. त्या घरातल्या चौघांनीही, सुनेनेसुद्धा, आपापला वाटा त्याच्या पानात वाढला. राजाच्या यज्ञाला हरवायला महाभारतकाराने दाता निवडला तो सरवा वेचणारा! हा योगायोग नव्हे.

इथवर सारे गोड वाटते. पण एवढ्यावर थांबलो तर आपण स्वतःची फसवणूक करू. कुरुक्षेत्रातल्या त्या ब्राह्मणाने सरवा वेचला, ते त्याचे व्रत होते. कडपा उचललेल्या बांधीत जी बाई वाकते, तिचे ते व्रत नसते. घरातले मडके रिकामे असते म्हणून ती वाकते. व्रत म्हणून उपास करणारा आणि अन्न नाही म्हणून उपाशी राहणारा यांच्या पोटातली आग सारखीच असेल, पण पहिल्याला आपण नमस्कार करतो आणि दुसऱ्याकडे पाहायचे टाळतो. रूथसारखी एखादी सोडली तर सरवा वेचणाऱ्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. १८५७ साली मिले या फ्रेंच चित्रकाराने सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचे चित्र रंगविले. आज ते जगप्रसिद्ध आहे. त्या बायका वाकलेल्या आहेत, त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत, आणि दूर मागे मालकाच्या धान्याच्या गंज्या उन्हात चमकत आहेत. त्या काळच्या पॅरिसमधल्या सुखवस्तू प्रेक्षकांना हे चित्र आवडले नाही. नुसत्या तीन गरीब बायका पाहून त्यांना अस्वस्थ वाटले, यावरून चित्रकाराने नेमकी नस धरली होती, हे उघड आहे.

आणखी एक आक्षेप याहून कठीण आहे. बहुधा असे असे की, जिने दिवसभर धान कापले तीच दुसऱ्या दिवशी सरवा वेचायला येई. मग विचारले पाहिजे की, कापणाऱ्या हाताला पुरेशी मजुरी मिळाली असती तर त्याला सांडलेले वेचायची पाळी आली असती का? मजुरी कापायची आणि वर 'सरवा घेऊन जा' म्हणायचे, हे औदार्य नव्हे. त्यातच एखाद्याच्या जन्मावरून ठरू लागले की, याचा वाटा उरल्यासुरल्याचा, तर सरव्याचे पुण्य तिथेच संपते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. गावाची कामे हक्काने करून घ्यायची आणि मोबदला मात्र खळ्यावर हात पसरल्यावर, तोही शेतकऱ्याच्या मर्जीने मिळायचा, ही रीत माणसाला लाचार करते, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा पहिला नियम असा धरला पाहिजे की, ज्याचे देणे आहे ते आधी पुरते द्यावे. देणे बुडवून मागे जे सोडले, त्याला सरवा म्हणू नये.

आनंदाची गोष्ट ही की, आपल्या देशाने अलीकडे या दिशेने काही पावले टाकली आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरीब घरातल्या माणसाला दरमहा पाच किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला. ती भीक नव्हे, उपकार नव्हे. कायद्याने दिलेला वाटा आहे. रानातली गोष्टही तशीच. गोंदियाच्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे घरेच्या घरे झाडाखाली ती वेचायला जातात. त्यानंतर तेंदूची पाने येतात, ज्यांच्यावर गोंदियाचा विडीचा धंदा उभा राहिला. हे रान कोणाचे आणि ही फुले कोणाची, यावरून किती काळ वाद झाले! २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क मान्य केला. १७८८ साली इंग्लंडातल्या न्यायालयाने मेरी हाउटनला जे नाकारले, त्याच्याशी नाते असलेली गोष्ट सव्वादोनशे वर्षांनी इथल्या कायद्याने देऊ केली. अंमलबजावणीत खाचखळगे पुष्कळ आहेत. तरी वेचणाऱ्याचाही हक्क असू शकतो, हे तत्त्व कागदावर आले.

धानाच्या बांध्यांत आता हार्वेस्टरही उतरू लागला आहे. कडपा नाही, भारे नाहीत, त्यामुळे पुंजणेही नाही. सरवा वेचणाऱ्या कमी होत चालल्या आहेत. भुकेपोटी वाकावे लागणे संपत असेल तर 'सरवा' हा शब्द कोशात जाऊन बसला तरी मला त्याचे दुःख वाटणार नाही. शब्द जपणारी माणसे आहेतच. नवेगावबांधच्या रानात नोकरी केलेले मारुती चितमपल्ली २०२५ साली आपल्यातून गेले. त्यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची, ऋतूंची नावे एकेक करून वेचली आणि मराठीच्या ओटीत घातली. 'ग्लीन' या शब्दाचा आजचा अर्थ कोणी विचारला तर चितमपल्लींचे काम दाखवावे. पण सरव्यामागे जी एक चाल होती, कोपऱ्यापर्यंत न कापण्याची आणि मागे वळून न वेचण्याची, ती मात्र शब्दाबरोबर जाऊ नये.

शेत नसलेल्यांनी ही चाल कशी पाळावी, असे कोणी विचारील. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आठवून पाहावेत. घरोघर साफसफाई झाली, अडगळ बाहेर निघाली. तिच्यातले काय काय कोणी उचलले? पहाटे खांद्यावर पोते घेऊन फिरणाऱ्या ज्या बायका कागद, काच, पत्रा वेचतात, त्यांच्यासाठी मराठीने 'वेचणे' हेच क्रियापद वापरले आहे. त्यांना आपण 'कचरावेचक' म्हणतो. १९९३ साली पुण्यात या कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तुम्ही टाकलेले आम्ही वेचतो, त्यात आमचे श्रम आहेत आणि शहराचा फायदा आहे, तेव्हा आम्हाला कामगार म्हणा, असे त्यांचे म्हणणे होते. बेथलेहेमच्या शेतातली आणि गोंदियाच्या बांधीतली बाई शहरात आली ती अशी. फरक एवढाच की, सरवा वेचणारीच्या हाताला लोंबी लागत होती. हिच्या हाताला शिळे अन्न, फुटकी काच आणि ब्लेडची पाती लागतात. बवाजाने वाटेवर चांगली कणसे पडू दिली होती. आपण काय पडू देतो, हे पाहायला हवे.

मराठीत 'वेचणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. फुले वेचणे म्हणजे उचलून घेणे, आणि आयुष्य वेचणे म्हणजे खर्चून टाकणे. पहिल्याचे मूळ निवडून गोळा करण्यात आणि दुसऱ्याचे व्ययात, असे व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात. दोन वेगळे ओहोळ एका शब्दात येऊन मिळाले. चांगल्या मार्गाने मिळवावे आणि त्यात जीव न अडकवता खर्चावे, या अर्थाच्या तुकोबांच्या प्रसिद्ध अभंगात 'वेच' हा शब्द या दुसऱ्याच अर्थाने आला आहे. आपल्या पूर्वजांनी घेणे आणि खर्चणे या दोन्हींना एकच शब्द चालवून घेतला, याचे मला नेहमी नवल वाटते.

शेजारच्या छत्तीसगडात नवे धान आले की त्याच्या लोंब्यांची सुरेख झालर विणून दारावर टांगतात. ती शोभेची असते, पण शोभेपुरती नसते. चिमण्यांनी येऊन दाणे टिपावेत म्हणून ती तिथे असते. इकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरू लागतात, दंडार रंगते, पाहुण्यारावळ्यांनी घरे भरतात. अशा दिवसांत आपल्या भरल्या घराचा एखादा कोपरा कापायचा ठेवावा. कामाला येणाऱ्या बाईचा पगार तिने मागण्याआधी हाती पडावा. जुने कपडे धुऊन, घडी घालून बाहेर जावेत. फुटलेली काच वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर तसे लिहावे. उद्या पहाटे ती वेचायला येईल तेव्हा आपण झोपेत असू, आणि ते कोणी केले हे तिला कळणार नाही.